कोकराचा कौल

पूनमचा व्हिडिओ करायचं ठरलं आणि त्या दिवसापासून पोरीला सगळं जग हळू चाललेलं दिसायला लागलं. आत्याच्या दारातला नळ गळायचा तो हळू गळायचा. चिंचोळी एमआयडीसीला निघालेल्या बायकांनी भरलेली रिक्षा कोपऱ्यावर वळायची ती कलत, तरंगत वळायची. पूनम फुटबॉलची गोलकीपर, आणि गोलकीपरचं तसंही थोडं असंच असतं म्हणा. चेंडू अंगावर येतो तेव्हा त्याला लागलेली माती गोल गोल फिरताना दिसते, असं ती सांगायची, आणि बजाबाई आत्या म्हणायची, "मग तव्यावरची भाकरी करपताना कशी दिसंना गं तुला?"

हे व्हिडिओचं खूळ सोलापुरात येऊन दोनच वर्षं झाली होती. बारावी झालेल्या चांगल्या खेळाडूला एखादं कॉलेज आपल्या संघासाठी बोलावतं, फी माफ करतं, होस्टेल देतं. पूर्वी पोरं गुपचूप फॉर्म भरायची आणि एसटी धरायची. आता तसं चालत नाही. आता आधी जाहीर करावं लागतं. टेबलावर दोन कॉलेजांच्या दोन जर्सी मांडायच्या, मागं आईबापांना नवे कपडे घालून उभं करायचं, रंगीत धूर सोडायचा, खेळाडूनं एका जर्सीकडं हात न्यायचा, थबकायचं आणि दुसरीच उचलायची. मग ते इन्स्टावर टाकायचं. ज्यांनी जन्मात एक मॅच पाहिली नाही तेही खाली बदामाची चित्रं टाकतात. साखरपुड्याला होत नाही एवढा थाट, आणि तोही एकट्या पोराचा.

असले व्हिडिओ करावेत ते बाळीवेशीतल्या शरणबसवनं. त्याचा बाप सिद्धलिंगप्पा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवायचा. पोरानं लग्नाचं शूटिंग धरलं आणि तिथून तो खेळाडूंवर आला. माणूस घरात कन्नड बोलायचा, दुकानात मराठी, आणि कॅमेऱ्यामागं गेला की कुठल्याच भाषेत सापडायचा नाही. त्याच्या कॅमेऱ्यात सोलापूर कधी सोलापूर दिसायचं नाही. मे महिन्यातल्या ग्राउंडवर तो असं धुकं आणायचा की बघणाऱ्यानं स्वेटर शोधावा. कुणी हसलं तर म्हणायचा, "ऊन सगळ्यांनी बघितलंय की. ते मी कशाला दाखवू?"

पूनमला दोन कॉलेजांनी बोलावलं होतं, एक सोलापूरचं आणि एक कोल्हापूरचं. सोलापूरचं कॉलेज आत्याच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. कोच ओळखीचे, माणसं मायेची, पण ग्राउंड मुरमाचं. त्या मुरमानं गेली पाच वर्षं तिची कोपरं सोलून काढली होती. कोल्हापूरला ती एप्रिलमध्ये ट्रायलला गेली. तिथं गवत होतं. पहिल्याच चेंडूला तिनं डावीकडं उडी टाकली, चेंडू हुकला, ती खाली पडली आणि तशीच पडून राहिली. कोचबाई धावत आल्या, लागलं का म्हणून. लागलं नव्हतं, म्हणूनच ती उठत नव्हती. पडल्यावर दुखत नाही असंही असतं, हे पोरीला अठराव्या वर्षी कळत होतं, आणि वर निळं आभाळ इतकं सावकाश सरकत होतं की तिला वाटलं, आपण उठलो तर हे बंद पडेल.

त्या दिवसापासून तिला कोल्हापूर हवं होतं. दुसरं काही नको होतं. फक्त आबांना सांगायचं राहिलं होतं.

आबा म्हणजे तिचे वडील, सिद्धाप्पा. मंगळवेढ्याच्या बाजूला माळावर त्यांची वस्ती, दीडशे मेंढरं आणि वर्षातले सात महिने चालणं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, कुणाच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, दोन-तीन दिवसांनी पुढचं रान गाठायचं आणि मृगाच्या तोंडावर परत यायचं. अशा फिरतीवर शाळा कशी व्हायची, म्हणून पूनमला सहावीपासून सोलापूरला आत्याकडं ठेवली होती. पोरीवर आबांचा भारी जीव, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही; मेंढरांशी मात्र दिवसभर बोलायचे. गेल्या आठवड्यात ते फिरतीवरून परत आले तेव्हा पूनमनं दोन्ही कॉलेजांची नावं त्यांच्या कानावर घातली.

"कोल्हापूर म्हंजी आत्याकडं ऱ्हायाचं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, आबा. होस्टेल."

 आबा काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. अंगावर येणाऱ्या चेंडूपुढं डोळे न मिटणारी पोरगी बापाच्या त्या गप्प बसण्यापुढं गार झाली. सोमवारी दोन्ही कॉलेजांना कळवायचं होतं. तिनं मनाशी ठरवलं, जे आपल्या तोंडून निघत नाही ते व्हिडिओच सांगेल.

शरणबसवच्या स्टुडिओत बसून ती सहज बोलून गेली की आबा दरवर्षी निघायच्या आधी वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापुढं एक कोकरू सोडतात. देवाचा कौल घेतात. कोकरू ज्या अंगाला चालेल त्या दिशेला त्या वर्षी कळप न्यायचा. शरणबसवनं हातातला चहा खाली ठेवला.

"टेबल-बिबल जाऊ दे, तंगी," तो म्हणाला. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण; त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या पोरी तंगी होत्या. "माळ. पहाट. मधी देऊळ. हिकडं एक जर्सी, तिकडं एक जर्सी. पांढरं कोकरू हळू, एकदम हळू चालत येतंय..." आणि त्याचे डोळे छताला लागले.

"आन् ते भलत्याच जर्सीकडं गेलं तर?"

"तर परत सोडायचं की. दहा वेळा सोडू. आपल्याला कोण विचारतंय?"

तरी पूनमनं आपली सोय करून ठेवली. वाळलेल्या बाभळीच्या शेंगा म्हणजे मेंढरांचा जीव की प्राण. मूठभर शेंगा कोल्हापूरच्या जर्सीखाली सारून ठेवायच्या. कोकरू शेंगांच्या वासानं तिकडं जाईल, आबा बघतील, आणि आपल्याला एक शब्दही बोलावा लागणार नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती हे सगळं बघायची. कोकरू चालायचं, धूर तरंगायचा, जर्सी वाऱ्यानं हलायची, आणि शेवटी आबा हसायचे. जागेपणी आबा फार हसत नसत, पण ह्या चित्रात ते दरवेळी हसायचे.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला सगळे माळावर जमले. अजून ऊन नव्हतं. माळ निळसर होता आणि वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, मेंढरं एकमेकांना टेकून बसली होती. आई केराबाई पांढरं कोकरू पोटाशी धरून उभी होती. शरणबसवनं धुराची नळकांडी पेटवली तसा पिवळा धूर जमिनीवरून रांगत देवळाच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथं जरा विसावला. पूनमला वाटलं, आपण अजून जागेच झालो नाही. कुणाचं लक्ष नाही बघून तिनं शेंगा जर्सीखाली सारल्या.

मग आबा आले. अंघोळ करून, धुतलेली पैरण आणि लाल पटका घालून, हातात भंडाऱ्याची पिशवी घेऊन. शरणबसवनं त्यांच्या पैरणीला बारका माईक अडकवला आणि शेवटी दोन शब्द बोला म्हणाला. आबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी पायरीशी चपला काढल्या, दोन्ही जर्सींवर भंडारा उधळला आणि हात जोडले.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," ते म्हणाले. "देवा, पोरगीला कुटं धाडू, तूच सांग. तू म्हनशील तसं."

 हे नुसतं शूटिंग आहे असं आबांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. त्यांना ते असं समजलं होतं की आज पोरीचा कौल घ्यायचा आहे आणि शूटिंगवाला त्याचं शूटिंग करणार आहे, लग्नात लग्नाचं करतात तसं. आणि शूटिंग बिघडलं म्हणून लग्न काही कुणी परत लावत नाही.

पूनमनं तोंड उघडलं, पण शरणबसवनं हात वर केला होता. आबा एका बाजूला, चित्रात येणार नाहीत असे, सोलापूरच्या जर्सीच्या मागं जाऊन उभे राहिले. आईनं कोकरू खाली ठेवलं.

कोकरू आधी नुसतं उभं राहिलं. मग दोन पावलं टाकली, थांबलं, नाक वर केलं. पिवळ्या धुरातून ते सरळ कोल्हापूरच्या जर्सीकडं निघालं.  दोन हात राहिले होते, दीड हात राहिला होता. तेवढ्यात त्याचा एक कान हलला. ते थबकलं, वळलं आणि दुडक्या चालीनं पलीकडं जाऊन सोलापूरच्या जर्सीवर पुढचे दोन पाय ठेवून उभं राहिलं.

"कट," शरणबसव म्हणाला. "मामा, कोकरू आणा मागं. परत एकदा घेऊ."

"परत कशाला?"

"रिटेक, मामा. चुकलं की ते."

"देवाला परत इचारत्यात व्हय?" आबा शांतपणे म्हणाले. त्यांनी वाकून सोलापूरची जर्सी उचलली, झटकली आणि पूनमच्या हातात दिली. "कौल लागला. आत्याकडंच ऱ्हा."

शरणबसवनं पूनमकडं पाहिलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. तिला कुणाचा राग आला नाही, लाज वाटली. देवाच्या दारात शेंगा लपवल्या आणि देवानं सगळ्यांदेखत थोबाडीत दिली, एवढं सरळ होतं ते. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर सगळा माळ मुरमाचा होता आणि तो संपत नव्हता.

रविवारी दुपारी ती स्टुडिओत गेली. शरणबसव खरंच कारागीर माणूस. पडद्यावर भंडारा हवेत उडाला तो खाली पडेचना. एकेक कण उन्हाच्या पहिल्या तिरिपेत चमकत लोंबकळत राहिला. कोकराचा पाय उचलला जायचा आणि युगानं टेकायचा. पूनमचा स्वतःचा चेहरा असा शांत दिसत होता की ही पोरगी जन्मापासून सोलापूरच्याच कॉलेजची वाट बघत होती असं कुणालाही वाटावं. तिला स्वतःलाही क्षणभर तसं वाटलं. हेच आपल्याला हवं होतं, असं म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं तिच्या मनात आलं.

"मामांच्या माईकवर कायतरी खटखट आलीय," शरणबसव म्हणाला. "काढून टाकतो. वर बासरी घालतो, लई गोड होईल."

"ऐकू दे मला," ती सहज म्हणाली आणि हेडफोन कानाला लावले.

आधी वारा होता. मग आबांचा श्वास, इतका जवळ की ती दचकली. लहानपणी त्यांच्या घोंगडीत झोपायची तेव्हा ऐकलेला. मग टक टक. थोडं थांबून परत टक टक. आणि पडद्यावर कोकराचा कान हलला.

"परत लाव," ती म्हणाली. त्यानं परत लावलं. तिनं चार वेळा ऐकलं.

शरणबसवला ती खटखट होती. मेंढरांत वाढलेल्या माणसाला ती खटखट वाटली नसती. कळपाला बोलवायची ज्याची त्याची तऱ्हा असते आणि आबांची ही होती: जीभ टाळूला लावून दोनदा, मग थांबून परत दोनदा. ही हाक ऐकली की त्यांचं मेंढरू तोंडातला घास टाकून येतं. पूनम रांगत होती तेव्हा तिलाही ते असंच बोलवायचे, आई अजून हसून सांगते. आता मात्र तिला असा राग आला की हेडफोन टेबलावर आपटून ती बाहेर पडली आणि तशीच मंगळवेढ्याच्या एसटीत बसली.

आबा हापशाशेजारच्या दगडी कुंडावर मेंढरांना पाणी पाजत होते. वाटभर तिनं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती कुंडाच्या काठावर बसली आणि एवढंच म्हणाली, "आबा, तुमी कोकराला हाक मारली."

आबांनी हापशाचा दांडा दोनदा मारला.

"माईकात आलंय."

"तेवढं बी येतं व्हय त्यात?" आबा म्हणाले. मग हापशाचा दांडा सोडला. "मारली. मारायची न्हवती. कोकरू तिकडं चाललेलं बगितलं आन् तोंडातनं निगून गेली." ते तिच्याकडं वळले. "पयल्यांदा निगून गेली. दुसऱ्यांदा मीच मारली."

ह्या दुसऱ्यांदानं पूनमचा राग होता तिथंच बसला. खोटं बोलणाऱ्या बापावर रागवता येतं. असं खरं बोलणाऱ्यावर कसं रागवायचं?

"मी जर्सीखाली शेंगा ठिवल्या हुत्या," ती म्हणाली.

"म्हाईत हाय. पायरीपाशी आलो तवाच वास आला."

म्हणजे देवाच्या दारात दोघा बापलेकींनी मिळून लबाडी केली होती, आणि देव बिचारा मधल्या मधे अंगभर भंडारा घेऊन बसला होता. पूनमला हसू फुटलं. आबांना नाही फुटलं. ते तिच्याशेजारी काठावर बसले.

"कोकरू दुसऱ्याच्या कळपात गेलं, येक साल ऱ्हायलं, की हाक इसरतं," ते म्हणाले. "लई बगितल्यात मी. समोरनं जातंय, आपुन हाक मारतोय, वळून बगत न्हाय. सोलापूरला तू आत्याच्या घरात. आत्याचं घर म्हंजी आपलंच. कोल्हापुरात माजं कोन हाय? मला भ्या वाटलं, पूनम."

आयुष्यात बापानं तिला एवढं लांब कधी सांगितलं नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला. काठीनं घट्टे पडलेला, खडबडीत. आणि आठवडाभर जे तोंडातून निघत नव्हतं ते एकदम सरळ बाहेर आलं.

"आबा, मला कोल्हापूरलाच जायाचंय. तितं गवात हाय."

"गवात?" आबांनी मान वळवली. गवताची गोष्ट निघाली की धनगराला ऐकावंच लागतं. "कसलं गवात?"

"बारीक. दाट. रोज पानी मारत्यात."

"आन् मेंढरं चारत न्हाईत त्यावर?"

"न्हाय."

"मग काय करत्यात त्याचं?"

"पडत्यात," पूनम म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. डावीकडची उडी, हुकलेला चेंडू, न दुखणारी जमीन आणि वरून सावकाश सरकणारं आभाळ. आबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी तिचा हात उलटा केला, बाही वर सारली आणि कोपराची कातडी अंगठ्यानं चाचपली. मुरमानं किती वेळा सोललं होतं ते त्यांनी आजवर बघितलंच नव्हतं. पाणी पिऊन झालं, मेंढरं वस्तीकडं तोंड करून उभी राहिली, तरी आबा उठले नाहीत.

"त्या शूटिंगवाल्याला बोलाव," शेवटी ते म्हणाले. "खोटा कौल लोकांना दावायचा न्हाय."

सोमवारी शरणबसव मोटारसायकलवर आला तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. धुराची नळकांडी संपली होती आणि माळ आहे तसा, उघडा, तांबडा दिसत होता. तो कुरकुरला, पण कॅमेरा लावला. आबांनी कोकरू आणू दिलं नाही. ते स्वतः देवळापुढं उभे राहिले, पूनमला शेजारी घेतलं. तिच्या हातात कोल्हापूरची जर्सी होती.

"मी सिद्धाप्पा," आबा कॅमेऱ्याला म्हणाले. "ही माजी पोरगी पूनम. परवा देवापुढं कोकरू सोडलं, त्याला मी हाक मारली. तो कौल खोटा हाय. देवाची माफी मागितली. मग पोरगीला इचारलं. ते आदीच इचारायचं हुतं. ती कोल्हापूरला जानार."

शरणबसवचा हात बटणाकडं गेला. आबांनी पंजा वर केला.

"थांब. हाय अजून." कॅमेऱ्याच्या काचेत कोल्हापूरचा कुणी शेतकरीच बसला आहे असं ते काचेकडं निरखून बघत होते. "कोल्हापूरकडच्या मंडळींनी ऐकावं. दिवाळी झाली की आमी निगतोय. दीडशे मेंढरं हायत. इतकी वर्सं देव सांगंल तिकडं गेलो, औंदा देवाला सांगून तिकडं येतोय. त्या कालेजाजवळ कुनाचं रान मोकळं आसंल, खताला मेंढरं बसवायची आसतील, तर कळवा. ल्हान रान आसलं तरी चालंल. लांब नको. पोरगी चालत भाकरी खायाला येईल, एवढ्यावर पायजे."

पूनमनं आता जर्सी वर धरून हसायचं, असं ठरलं होतं. ते तिला जमलं नाही. तिनं जर्सीत तोंड खुपसलं आणि ती रडली, आबा कॅमेऱ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत तसेच उभे राहिले, आणि व्हिडिओ तसाच सगळीकडं गेला.